उपवास कोणाचा : पोटाचा कीं जिभेचा ?

पुनरुत्थानाच्या सणापूर्वीं जो उपवासाचा काळ येतो त्यास इंग्रजींत लेंट म्हणतात. गोमंतकांतील आपले बांधव त्यालाच कोरेज्म म्हणतात. पहिला शब्द जुन्या इंग्रजींतील वसंतऋतूच्या नांवावरून आला आहे. दुसरा पोर्तुगीज भाषेंतून आला असून त्याच्या मुळाशीं 'चाळिसावा' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. आपल्याकडे उपवासकाळ हें नांव रूढ आहे, व या लेखांत तेंच वापरलें आहे. भस्म बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत दिवस मोजले तर ते ४६ भरतात. त्यांतून ६ रविवार वजा केले म्हणजे ४० उरतात. रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशीं उपवास नाहीं. येशूनें अरण्यांत चाळीस दिवस निराहार काढले, त्यांची ही आठवण होय.

विद्यार्थी नेहमीं विचारतात कीं, नाताळ दरवर्षीं २५ डिसेंबरलाच येतो, तर ईस्टर असा मागेंपुढें कां सरकतो ? याचें उत्तर चंद्रापाशीं आहे. २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर, असा संकेत आहे. आणि सर्व ख्रिस्तसभेनें हा सण एकाच रविवारीं पाळावा असें इ. स. ३२५ मध्यें निकीया येथील धर्मपरिषदेंत ठरलें. त्यामुळें आपला पवित्र सप्ताह बहुधा फाल्गुनी किंवा चैत्री पौर्णिमेच्या आसपास पडतो. २०२४ सालीं होळीनंतरच्या रविवारीं, म्हणजे ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२५ सालीं तो हनुमानजयंतीनंतर आठ दिवसांनीं, २० एप्रिलला आला. त्याच २०२५ च्या मार्च महिन्यांत मुसलमान बांधवांचे रोजे व आपला उपवासकाळ हे दोन्ही बरोबरच चालूं होते. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांच्या घरीं, एकमेकांस न विचारतां, भुकेचे धडे चालले होते म्हणावयाचे.

असो. पंचांगाचा विषय येथेंच सोडून मुख्य मुद्द्याकडे वळूं.

उपवास ही कांहीं ख्रिस्ती लोकांनीं शोधून काढलेली गोष्ट नव्हे. येशूच्या काळीं यहुदी लोक उपवास करीतच होते, आणि आपल्या देशांत तर उपवास न करणारा धर्म शोधून काढावा लागेल. येशूनें डोंगरावर जें प्रवचन केलें त्यांतही उपवास करा अशी आज्ञा नाहीं. ऐकणारे उपवास करणारच असें धरून, तो कसा करूं नये एवढेंच त्यानें सांगितलें आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांतील हा भाग दर भस्म बुधवारीं मिस्सामध्यें वाचला जातो. त्यांत तीन सत्कर्मांचा उल्लेख आहे : दान, प्रार्थना व उपवास. तिन्हींविषयीं इशारा एकच, कीं लोकांनीं पहावें म्हणून हीं करूं नयेत. दान देतांना पुढें कर्णा वाजवूं नये; प्रार्थना करावयाची ती खोलीचें दार लावून करावी; आणि उपवासाच्या दिवशीं चेहरा सुतकी न ठेवतां तोंड धुवावें, डोक्यास तेल लावावें, म्हणजे उपवास आहे हें गुप्तांत असणाऱ्या पित्यावांचून कोणास कळणार नाहीं.

या उताऱ्यांतील दोन शब्द मूळ ग्रीक भाषेंत पाहण्यासारखे आहेत. आपण ज्या ठिकाणीं 'ढोंगी' असें वाचतों, त्या ठिकाणच्या ग्रीक शब्दाचा रोजच्या व्यवहारांतील अर्थ रंगभूमीवरील नट असा होता. म्हणजे येशूच्या मतें असा मनुष्य सोंग घेऊन उभा आहे, व त्याला प्रेक्षक हवे आहेत. दुसरा शब्द याहून मार्मिक आहे. अशा लोकांना त्यांचें फळ मिळून चुकलें असें येशू म्हणतो, तेथें जें क्रियापद आहे तें त्या काळच्या व्यापारी लोकांच्या पावत्यांवर आढळतें. आपल्याकडे पावतीवर 'भरून पावलों' असें लिहीत, अगदीं तोच त्याचा अर्थ. लोकांनीं पाहिलें, वाहवा केली, हिशेब पुरा झाला. आतां देवाकडे येणें कांहीं उरलें नाहीं. ही भाषा दुकानाची आहे, आणि म्हणूनच ती लहान मुलांसही चटकन समजते.

येथें एक शंका हटकून निघते, आणि ती काढणारा मुलगा बहुधा वर्गांतला हुशार मुलगा असतो. ज्या दिवशीं तोंड धुवा, उपवास दाखवूं नका असें वाचलें जातें, त्याच दिवशीं आपण कपाळावर राख लावून घेतों, हें कसें ? शंका खोटी नाहीं. गतवर्षीच्या झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. ती कोणी स्वतः लावून घेत नाहीं. दुसऱ्याच्या हातून घ्यावी लागते, आणि धर्मगुरुही ती मान लववूनच घेतो. उपवास केल्याबद्दलची ती पदवी नाहीं. आपण मातीचे आहों आणि चुकलेले आहों, याची सर्वांनीं मिळून दिलेली कबुली आहे. इटलीसारख्या कित्येक देशांत ती कपाळावर न लावतां डोक्यावर शिंपडतात. २०२१ सालीं कोरोनाच्या साथींत रोमहून आलेल्या सूचनेप्रमाणें सर्वत्रच तसें करावें असें ठरलें, व बोलण्याचें वचनही प्रत्येकास वेगळें न म्हणतां एकदांच म्हणण्यांत आलें. परंतु एवढ्यानें शंका पुरती फिटत नाहीं, व ती फिटूं नये असें मला वाटतें. राख घेऊन बाहेर येतांच मोबाइल काढून त्या कपाळाचें छायाचित्र जो चारचौघांस पाठवितो, त्याची पावती फाटलीच म्हणावयाची.

आतां उपवासाचा नियम. जुन्या काळीं या दिवसांत एकदांच, तेंही संध्याकाळीं जेवीत; मांस, अंडीं, दूध, लोणी हीं सर्व वर्ज्य असत. उपवासकाळ लागण्यापूर्वीं हे पदार्थ घरांतून संपवून टाकण्याच्या धांदलींतूनच युरोपांतील कार्निव्हल वाढला, व गोव्यांतील इंत्रूज त्याचाच वारसा सांगतो. शतकानुशतकें हा नियम सैल होत गेला. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं सक्तीचे उपवास भस्म बुधवार व उत्तम शुक्रवार या दोन दिवसांपुरतेच ठेवले. त्या दिवशीं एक पुरें जेवण व दोन वेळां थोडें कांहीं खाण्यास हरकत नाहीं. १९८३ सालच्या धर्मसंहितेप्रमाणें मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षें पुरीं झालेल्यांस लागूं आहे, आणि उपवासाचा नियम १८ वर्षें पुरीं झाल्यापासून ६० वें वर्ष लागेपर्यंत. म्हणजे आमच्या शाळेंतील जवळजवळ एकाही विद्यार्थ्यावर उपवासाची सक्ती नाहीं. ही बातमी ऐकून वर्गांत जो आनंद पसरतो तो पाहण्यासारखा असतो.

पण त्याच कलमांत पुढें जें म्हटलें आहे तें पालकांनीं वाचावें. वयामुळें ज्यांना हा नियम लागूं नाहीं, त्यांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकविला जाईल याची काळजी धर्मगुरूंनीं आणि आईबापांनीं घ्यावयाची आहे. मुलाला उपाशी ठेवा असें तेथें नाहीं. अर्थ शिकवा असें आहे. आणि अर्थ शिकविणें हें ताट काढून घेण्याहून पुष्कळ कठीण आहे. आपण किनाऱ्यावरचे लोक शुक्रवारीं मटण सोडतों व सरंगा तळतों. नियम पाळला गेला खरा, पण मूल मनांत काय म्हणत असेल ? 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण हिंदु बांधवांनीं स्वतःलाच हंसण्यासाठीं केली; आपल्याकडे शुक्रवारासंबंधीं तशी म्हण नाहीं, यांत आपला कांहीं मोठेपणा नाहीं.

मग मुलांस कोणता उपवास शिकवावा ? लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांतील परुशी व जकातदार यांची गोष्ट सर्वांस पाठ आहे. त्यांतील परुशी आठवड्यांतून दोनदां उपवास करीत असे, व येशूनें तें खोटें ठरविलेलें नाहीं. त्याचें पोट खरोखर उपाशी होतें. पण मंदिरांत उभें राहून देवापाशीं बोलतांनाही शेजारी उभ्या असलेल्या मनुष्याची निंदा केल्यावांचून त्याला राहवलें नाहीं. त्याच्या जिभेनें उपवास केला नव्हता. जिभेच्या या उपवासाविषयीं ख्रिस्तसभेच्या इतिहासांत एक प्रसंग आहे. तो शालेय पुस्तकांत सहसा येत नाहीं, म्हणून थोडा विस्तारानें सांगतों.

इ. स. ३८७ चा उपवासकाळ. स्थळ सीरिया प्रांतांतील अंत्युखिया, ज्या नगरांत येशूच्या शिष्यांना ख्रिस्ती हें नांव प्रथम मिळालें तेंच. (आज हें गांव तुर्कस्थानांत अंताक्या या नांवानें आहे, फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपांत त्याचा फार मोठा भाग जमीनदोस्त झाला.) त्या वर्षीं सम्राट थेओदोसियस यानें नवा जबर कर बसविला. हुकूम वाचला जातांच लोक अधिकाऱ्यांपुढें रडूं लागले. रडण्याचें ओरडणें झालें, ओरडण्याच्या शिव्या झाल्या, आणि शिव्यांमागून दगड आले. जमावानें सम्राटाचे व त्याच्या कुटुंबांतील मंडळींचे पुतळे खालीं ओढले आणि रस्त्यांतून फरफटत नेले. दंगा कांहीं तासांतच शमला. मग शहर भानावर आलें. त्या काळीं सम्राटाच्या पुतळ्याचा अपमान म्हणजे राजद्रोह, व त्याची शिक्षा मरण. स्थानिक अधिकाऱ्यांनीं लगोलग कित्येकांस ठार केलें. त्यांत मुलेंही होतीं. सबंध शहर जाळून टाकण्यांत येईल अशी हूल उठली, लोक डोंगरांत पळूं लागले, बाजार ओस पडला आणि मंदिर भरलें.

वृद्ध बिशप फ्लाविआन हे सम्राटापाशीं क्षमा मागण्यासाठीं कॉन्स्टँटिनोपलला निघाले. हिंवाळा सरला नव्हता, वाट शेंकडों मैलांची, आणि घरीं बहीण मरणाच्या दारीं पडलेली. त्यांच्या मागें त्या घाबरलेल्या लोकांना सांभाळण्याचें काम एका तरुण धर्मगुरूकडे आलें. त्याला दीक्षा मिळून जेमतेम वर्ष झालें होतें. त्याचें नांव योहान. पुढें जगानें त्याला क्रिसोस्तोम, म्हणजे सोन्याच्या मुखाचा, असें म्हटलें. सात दिवस तो शोकानें गप्प राहिला, व नंतर बोलूं लागला. त्या दिवसांतील त्याचीं प्रवचनें आजही उपलब्ध आहेत.

मरणाची वाट पाहणाऱ्या लोकांना त्यानें काय सांगितलें असावें ? त्यानें सांत्वन केलें, धीर दिला. पण वारंवार तो एकाच ठिकाणीं येई. उपवास तोंडापुरता ठेवूं नका, डोळ्यांना, कानांना, हातांना, पायांनाही घडूं द्या, असें त्याचें म्हणणें होतें. कानाचा उपवास म्हणजे दुसऱ्याची चहाडी न ऐकणें. पक्ष्याचें व माशाचें मांस सोडून जे आपल्या भावालाच दांतांनीं फाडून खातात, त्यांनीं काय सोडलें, असा त्याचा प्रश्न होता. या चाळीस दिवसांसाठीं त्यानें लोकांना तीन गोष्टी घालून दिल्या. कोणाविषयीं वाईट बोलावयाचें नाहीं, कोणाला वैरी मानावयाचें नाहीं, आणि उठल्याबसल्या शपथा घेण्याची खोड तोंडांतून काढून टाकावयाची. तिसरी गोष्ट आपणांस क्षुल्लक वाटेल. पण येशूनें त्याच डोंगरावरील प्रवचनांत शपथच वाहूं नका असें सांगितलें आहे, व क्रिसोस्तोमनें ही एक गोष्ट लोकांच्या अंगीं बाणेपर्यंत दुसऱ्याकडे वळावयाचें नाहीं असें जणूं ठरविलेंच होतें. आम्हां शिक्षकांस ही पद्धत घेण्यासारखी आहे. खोड मोडण्याचा उपायही त्यानें घरगुतीच दिला : घरांत ज्याच्या तोंडून शपथ निघेल त्यानें त्या रात्रीं न जेवतां निजावें, बायको असो, नोकर असो, कीं स्वतः घरधनी असो. अशा रीतीनें जिभेचा अपराध पोटानें भोगावा, म्हणजे जीभ शुद्धीवर येते.

अर्धा उपवासकाळ सरला तेव्हां लोक एकमेकांस आनंदानें सांगूं लागले कीं, निम्मा तर पार पडला ! क्रिसोस्तोमला तें रुचलें नाहीं. दिवस सरले हें खरें, पण त्यांत तुमचा कोणता दोष सरला, असें त्यानें विचारलें. सुटीचे दिवस मोजणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हा प्रश्न ओळखीचा वाटेल.

इकडे सम्राटाचे दोन अधिकारी चौकशीसाठीं आले. नाट्यगृहें, स्नानगृहें व शर्यतीचें मैदान बंद झालें, शहराचा दर्जा काढून घेण्यांत आला, आणि प्रतिष्ठित लोक साखळदंडांनिशीं न्यायासनापुढें उभे राहिले. त्या वेळीं आसपासच्या डोंगरांत राहणारे तपस्वी शहरांत उतरले. त्यांपैकीं मॅकेडोनियस नांवाच्या एका निरक्षर वृद्धानें अधिकाऱ्यांस वाटेंत अडविलें, व सम्राटाला कळवावयास सांगितलें कीं, पितळेचे पुतळे पुन्हा घडवितां येतील, पण मनुष्य ही देवाची प्रतिमा आहे, ती मोडल्यावर त्याला तिचा एक केसही परत करतां येणार नाहीं. अधिकारी थांबले. शिक्षा तहकूब झाली, व त्यांतील एक जण सम्राटाचा निर्णय आणण्यासाठीं घोड्यावरून राजधानीस गेला.

फ्लाविआन सम्राटापुढें गेले ते दूर उभे राहून नुसते रडूं लागले, असें क्रिसोस्तोमनें वर्णिलें आहे. त्यांनीं लोकांचा गुन्हा नाकारला नाहीं. दया केलीस तर प्रजेच्या अंतःकरणांत तुझे जे पुतळे उभे राहतील ते कोणाला पाडतां येणार नाहींत, एवढाच त्यांचा युक्तिवाद. त्यावर सम्राटानें उत्तर दिलें तें येशूच्या क्रुसाकडे बोट दाखवून. जगाच्या धन्यानें आपल्याला खिळणाऱ्यांसाठीं पित्यापाशीं क्षमा मागितली, तर माणसानें माणसाला क्षमा केली यांत नवल तें काय, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. क्षमेची वार्ता ईस्टरपूर्वींच अंत्युखियास पोंचली, व फ्लाविआनही सणास परत आले. त्यांची बहीण तोंवर जिवंत होती. (त्या वर्षींचा ईस्टर २५ एप्रिलला होता, आणि त्याच सणाच्या रात्रीं तिकडे मिलान येथें बिशप अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिनचा बाप्तिस्मा झाला.)

गोष्ट येथें थांबविली तर ती फार गोड होईल. परंतु इतिहास तेथें थांबत नाहीं. जिभेच्या उपवासाचा हा उपदेशक स्वतःही सर्व काळ त्या उपवासांत राहिला नाहीं. ३८६ व ३८७ याच सुमारास त्यानें यहुदी लोकांविरुद्ध जीं प्रवचनें केलीं त्यांतील भाषा वाचवत नाहीं, आणि पुढील शतकांत द्वेष्ट्यांनीं तिचा उपयोग करून घेतला. यहुदी लोकांस देवानें टाकिलें असें कोणी म्हणूं नये, हें ख्रिस्तसभेनें १९६५ सालच्या व्हॅटिकन परिषदेंत स्पष्ट सांगितलें. थोर संतांचेही सगळेच शब्द कित्त्यासारखे गिरवावयाचे नसतात, हें मुलांना मोठेपणीं कोणा परक्याकडून कळण्यापेक्षां आपल्याचकडून कळलेलें बरें.

आणि क्षमा करणारा तो सम्राट ? तीन वर्षांनीं, ३९० सालीं, थेस्सलनीका येथें असाच दंगा झाला व त्यांत बुथेरिक नांवाचा त्याचा सेनापति मारला गेला. थेओदोसियस तेव्हां मिलान येथें होता. संतापाच्या भरांत त्यानें शहरावर सूड उगविण्याचा हुकूम सोडला. राग ओसरल्यावर हुकूम रद्द करण्यासाठीं मागाहून दुसरा जासूद धाडला, पण तो उशिरां पोंचला. तोंपर्यंत सैनिकांनीं शर्यतीच्या मैदानांत जमलेल्या लोकांची कत्तल केली होती. थेओदोरेत हा जुना इतिहासकार मृतांची संख्या ७००० देतो. अँब्रोज यांनीं सम्राटास पत्र लिहून कळविलें कीं, प्रायश्चित्त घेतल्यावांचून तुमच्यासमोर मला मिस्सा अर्पण करतां येणार नाहीं. जगाच्या त्या धन्यानें राजचिन्हें उतरवून ठेवलीं, इतर पाप्यांप्रमाणें मंदिरांत उभा राहून सर्वांदेखत तो रडला, आणि त्या वर्षींच्या नाताळांत त्याला पुन्हा प्रभुभोजनास घेण्यांत आलें. प्राचीन इतिहासकार असेंही सांगतात कीं, अँब्रोज यांच्या सांगण्यावरून त्यानें एक कायदा केला : सम्राटानें मरणाची शिक्षा फर्मावली तरी तीस दिवसपर्यंत ती अमलांत आणावयाची नाहीं, आणि ते दिवस सरल्यावर हुकूम पुन्हा एकदां त्याच्यापुढें वाचावयाचा.